वर्ध्याची नवी तालीम : नापास कोणाला म्हणावें?

वर्धा जिल्ह्यांतील गिरड हें गांव तेथील टेकडीवरील शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळें सर्वश्रुत आहे. टेकडी चढणाऱ्या भाविकांत हिंदु व मुसलमान दोघेही असतात. परंतु जे यात्रेच्या वाटेवर एकत्र येतात, त्यांचीं मुलें शाळेच्या एका बैठकीवर बसतात काय, आणि बसलीं तर शेवटपर्यंत किती टिकतात, हा प्रश्न निराळा आहे. त्याचें उत्तर शोधण्याचा एक मोठा यत्न याच जिल्ह्यांत झाला. आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं त्याचें स्मरण उचित होय. कारण त्याचा उगमही एका महोत्सवांतच आहे.

वर्धा येथील मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचें शिक्षण मोफत, सक्तीचें व मातृभाषेंतून असावें आणि तें एखाद्या हस्तोद्योगाभोंवतीं गुंफावें, असें तेथें ठरलें. इंग्रजी वगळून मॅट्रिकची योग्यता यावी, शिवाय हातीं एक धंदा असावा, ही गांधींची अपेक्षा होती. योजना आंखण्यासाठीं डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. तींत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला व श्रीकृष्णदास जाजू होते, तसेच ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेले दोन सभासदही होते. पुढें १९३८ सालीं हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला व आर्यनायकम् त्याचे चिटणीस झाले. त्यांनीं व त्यांच्या पत्नी आशादेवी यांनीं शेगांव, म्हणजे आजचें सेवाग्राम, येथें या कार्यास वाहून घेतलें.

समितीनें साडेपांच तासांचा दिवस कल्पिला होता. त्यांतील तीन तास वीस मिनिटें उद्योगाचीं, संगीत, चित्रकला व गणित मिळून चाळीस मिनिटें, मातृभाषेस चाळीस, समाजशास्त्र व विज्ञान यांस तीस, व्यायामास दहा आणि विश्रांतीस दहा. गणितास वेळ थोडा दिसतो खरा. परंतु तें उद्योगांतच दडलेलें असे. वर्धा हा कापसाचा मुलूख. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी, हें कोष्टक मुलाच्या बोटांवर आपोआप चढे. कपाशींतून रुई किती निघाली, सरकी किती राहिली, पेळू किती वजनाचे झाले, याचा हिशेब तोंडपाठ करावा लागत नसे. तो करून पाहावा लागे.

येथें विद्यार्थ्यांचा प्रश्न येतो. शेगांवांत तत्कालीन अस्पृश्य गणलेल्या कुटुंबांचा भरणा मोठा होता. ज्या घरांत पुस्तक नाहीं, त्या घरचें मूल पाठांतराच्या शाळेंत पहिल्याच दिवशीं मागें पडतें. परंतु हातांत टकळी आली कीं वडिलोपार्जित विद्येचें बळ उणें होतें आणि श्रमाची संवय असलेलें मूल पुढें येतें. झाडलोटीचें कामही सर्वांनीं करावयाचें असल्यामुळें, अमुक काम अमक्या जातीचें, ही समजूत शाळेच्या अंगणांतच झिजूं लागे.

समितीचा परीक्षेविषयींचा विचार तर आजही लक्षांत ठेवण्याजोगा आहे. एखाद्या विरळा प्रसंगाखेरीज कोणासही त्याच वर्गांत पुन्हां बसवूं नये. वर्गांतील पुष्कळ मुलें मागें राहिलीं तर शिक्षकाचें काम तपासावें. शाळेंतील अनेक वर्गांत तसें झालें तर शाळेचा कारभार तपासावा. आणि सर्वत्रच तसें होऊं लागलें तर अभ्यासक्रमांतच दोष आहे असें समजावें. थोडक्यांत, नापासाचा शिक्का मुलाच्या कपाळीं मारण्यापूर्वीं वडील मंडळींनीं स्वतःची परीक्षा द्यावी.

या योजनेस विरोधही झाला, आणि तो सगळाच निराधार नव्हता. अर्थप्राप्तीच्या भरांत शिक्षक मुलांकडून मजुरी करून घेतील, हा धोका समितीनें स्वतःच नमूद केला होता. मध्यप्रांतांत याच सुमारास निघालेल्या शाळांना 'विद्यामंदिर' हें नांव दिल्यामुळें मुसलमानांनीं हरकत घेतली. सर्वांसाठीं काढलेल्या शाळेची पाटी सर्वांना आपली वाटली नाहीं. शिवाय गरिबांच्या मुलांनीं सूत कातावें आणि सधनांच्या मुलांनीं इंग्रजी शिकून नोकऱ्या पटकवाव्या, हा कोठला न्याय, असा सवाल निघे. ज्या देशांत नोकरीचें दार मॅट्रिकच्या दाखल्यानेंच उघडतें, तेथें या सवालास नुसत्या तत्त्वानें उत्तर मिळत नाहीं. स्वातंत्र्यानंतर सरकारी शाळांत 'मूलोद्योग' हा एक तास होऊन उरला. १९५९ सालीं तालिमी संघ सर्व सेवा संघांत विलीन झाला आणि कालांतरानें सेवाग्रामची शाळाही बंद पडली.

तथापि कथा तेथें संपत नाहीं. २००५ सालीं सेवाग्राम येथें आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा पुन्हां सुरूं झाली. तेथें शेती, कातणें व स्वयंपाक हीं शिक्षणाचींच अंगें मानलीं जातात. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्यानें आठवीपर्यंत नापास न करण्याचा नियम देशभर घातला. परंतु २०१९ सालीं तो सैल करून पांचवी व आठवींत मुलांस मागें ठेवण्याची मुभा राज्यांना देण्यांत आली. वाद जुनाच आहे, केवळ त्याचें ठिकाण बदललें आहे.

वाचकहो, महोत्सवाच्या वर्षीं आपण आपल्या शाळांची गुणवत्तायादी अभिमानानें छापतों. तें योग्यच होय. परंतु त्या यादीशेजारीं आणखी एक यादी ठेवावी : या गांवांतील कोणत्या वस्तीचीं मुलें आपल्या शाळेंत आलींच नाहींत, कोणतीं मध्येंच गेलीं, आणि त्यांच्या घरीं आपण कितीदां गेलों. ही दुसरी यादी मुलांची नव्हे, आपली गुणपत्रिका आहे. वर्ध्याच्या त्या समितीनें १९३७ सालीं हेंच सांगितलें होतें.