खरं उत्तर कोण देईल? कुष्ठरोग आणि विचारपूस

त्वचेच्या आजारात डॉक्टर बहुधा पहिल्यांदा विचारतात, "खाज येते का?" नायटा, खरूज असली की माणूस आपणहून दवाखाना गाठतो, कारण खाज झोपू देत नाही. कुष्ठरोगाचं उलट आहे. चट्टा सहसा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस येतच नाही.

मग प्रश्न वेगळे लागतात. चट्ट्याला हात लावलेला कळतो का? चप्पल पायातून निसटली तर समजतं का? आपल्या नरखेड-काटोलकडे विचारायचं तर, संत्र्याचा काटा टोचलेला जाणवतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात आधी कुणाला असं होतं का? जंतू शिरल्यापासून लक्षण दिसायला सरासरी 5 वर्षं, कधी 20 वर्षंही लागतात. मागचा महिना विचारून भागत नाही.

गाडी इथंच अडायची. कारण "घरात कुणाला होतं का" हे सोयरीक जुळवतानाही विचारलं जायचं. खरं सांगितलं तर बहिणीचं लग्न मोडायचं. त्यात 1898 चा कायदा. निराधार कुष्ठरुग्णाला पकडून वेगळं ठेवायची त्यात तरतूद होती. मग खरं कोण सांगेल?

आपल्या शेजारच्या वर्ध्यात याचं उत्तर शोधलं गेलं. 1936 मध्ये मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. घराबाहेर काढलेल्यांना आसरा मिळाला. पण रोग लवकर सापडायचा तर लोकांपर्यंत जायला हवं होतं. 1951 मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झालं. त्याचे कार्यकर्ते घरोघर फिरले. पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार, हे तिन्ही त्यांनी एकत्र बांधलं. डॅप्सोनची गोळी गावातच मिळू लागली. खरं बोलल्यावर घर सुटत नाही, औषध मिळतं, हे दिसलं तशी माणसं बोलती झाली. 1955 च्या राष्ट्रीय कार्यक्रमानंही हीच वाट धरली. पुढे 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला.

कायदा मात्र सावकाश चालला. 1898 चा कायदा रद्द व्हायला 2016 उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते 2019 मध्ये वगळलं.

तात्पर्य काय? दवाखान्यातल्या प्रश्नाचं उत्तर दवाखान्याबाहेर ठरतं. उत्तराची शिक्षा होणार असेल, तर रोगी गप्प बसतो आणि तोवर बोटं वाकडी होतात.