गिधाडाची शिल्लक

रविवारी सकाळी मी चंद्रपुरात रामाळा तलावाच्या बागेत घारींचे फोटो काढतो. म्हणजे मोबाईल वर धरतो. फोटोत आभाळ येतं, घार येत नाही. सौ. म्हणते, "बँकेत समोरचं गिऱ्हाईक तुम्हांला दिसत नाही, घार कशी दिसायची?"

खरं दुःख घारीचं नाही, गिधाडाचं. १९९० च्या सुमारास गडचिरोलीकडे, मामाच्या गावी, मेलेल्या बैलावर गिधाडांची पंगत बसलेली. हातात बाबांचा आग्फा क्लिक थ्री, रोलमध्ये फोटो बारा. बाबा ओरडले, "गाढवा, गिधाडावर फिल्म घालवतोस?" मग फोटो मामीचा निघाला.

पुढे हिशेबच फिरला. दुखण्यावर गुरांना डायक्लोफिनॅक देऊ लागले. तसलं गुरू मेल्यावर खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी. हे कारण २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून उघड झालं. २००६ साली भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. पण १९९२ साली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजार होती तिथं २००७ साली जेमतेम एक उरलं. एवढी बुडीत खाती आमच्या बँकेतही नाहीत!

मग गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी चक्क उपाहारगृहं काढली. ज्यांना आपण फुकट जेवू दिलं नाही, त्यांना आता पान मांडून बोलवायचं!

मामी गेली. अल्बममध्ये तिच्या मागे, झाडावर, एक काळा ठिपका आहे. बाबा म्हणतात, फिल्मवरचा डाग. मी वाद घालत नाही. माझ्या खात्यावर शिल्लक तेवढीच आहे.