पळपुटा

यंदा दिवाळीला सगळी मंडळी नागावला जमली होती. भाऊबीजेच्या दुपारी ओटीवर चिवड्याचं ताट मध्ये ठेवून गप्पा चालल्या होत्या आणि कुणीतरी ना. सं. इनामदारांचं नाव काढलं. मग काय विचारता! पुण्याचे माझे धाकटे दीर 'मंत्रावेगळा'वर तुटूनच पडले. "वहिनी, ज्यानं राज्य घालवलं त्याच्यावर कादंबरी लिहायची आणि वाचणाऱ्यानं वर डोळे पुसायचे?" नणंदबाई तितक्याच ठामपणे दुसऱ्या बाजूला. त्यांची ती सर्वांत आवडती कादंबरी. चहा दोनदा झाला, वाद काही मिटला नाही.

मी गप्प होते. त्याला कारण आहे, ते पुढे सांगते.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडं. इनामदारांनी पेशवाईच्या उतरत्या काळावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. 'झेप' त्रिंबकजी डेंगळ्यांवर, 'झुंज' यशवंतराव होळकरांवर आणि १९६९ सालची 'मंत्रावेगळा' दुसऱ्या बाजीरावावर. होळकर आणि बाजीराव एकमेकांचे वैरी, पण दोघांचीही बाजू मांडणारा लेखक एकच! माझं आपलं निरीक्षण असं, की ज्यानं 'झुंज' आधी वाचली तो बाजीरावाला सहसा माफ करत नाही. दिरांनी ती कॉलेजात असताना वाचली. नणंदबाईंनी वाचलेलीच नव्हती.

१८०१ च्या एप्रिलमध्ये यशवंतरावांचा भाऊ विठोजी याला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. यशवंतराव फौज घेऊन चालून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरला त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव निसटला. सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग असं करत तो रेवदंड्याला आला, तिथून इंग्रजांच्या जहाजानं वसईला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. इंग्रजांची तैनाती फौज पदरी घ्यायची आणि तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा!

आता रेवदंडा म्हणजे आमच्या नागावहून एसटीनं अर्ध्या तासाच्या आत. मी तीस वर्षं इतिहास शिकवला, वर्गात निम्मी मुलं रेवदंडा-चौलकडची, पण हे गाव त्या गोष्टीत येतं असं एकदाही सांगितलं नाही. फळ्यावर 'पळपुटा बाजीराव' लिहायचं आणि पुढचा धडा घ्यायचा.

एका वर्षी सहामाहीला 'पेशवाईच्या अस्ताची कारणे लिहा' असा पाच गुणांचा प्रश्न होता. एका मुलानं लिहिलं, की बाजीराव लहानपणापासून नजरकैदेत वाढला, त्याला राज्यकारभार कुणी शिकवलाच नाही, एकविसाव्या वर्षी एकदम पेशवा केलं, म्हणून त्याला पळपुटा म्हणू नये. मी लाल शाईनं शेरा मारला, 'कादंबरीतील मजकूर लिहू नये', आणि पाचातला एक गुण दिला.

मुलगा खोटं काही लिहीत नव्हता. बाजीरावाचा जन्म १७७५ चा, धारचा. वडील राघोबादादा १७८३ मध्ये गेले, त्यानंतरची वर्षं पोरं नाना फडणीसांच्या पहाऱ्यातच वाढली. १७९६ च्या अखेरीस पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि १८०० मध्ये नानाही गेले.

दिरांचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीला हरल्यावर बाजीराव सात महिने इंग्रजांना हुलकावण्या देत हिंडला, त्याला नणंदबाई गनिमी कावा म्हणतात. दीर म्हणाले, "गनिमी काव्यात माणूस उलटून वार करतो, ताई." २० फेब्रुवारी १८१८ ला अष्टीला बापू गोखले लढता लढता पडले आणि बाजीराव निसटला, हेही खरंच. पुढे सालीना आठ लाखांचं पेन्शन घेऊन तो ब्रह्मावर्ताला १८५१ पर्यंत जगला. आणि विठोजीचं मरण तर कुठल्याच कादंबरीनं धुऊन निघायचं नाही.

पण 'पळपुटा' म्हटलं की बाकीचे सगळे सुटतात. आमच्या किनाऱ्यावर बसून बघा. १७५६ मध्ये याच बाजीरावाचे चुलते नानासाहेब पेशवे तुळाजी आंग्र्यांवर इंग्रजांना घेऊन गेले आणि विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. पुढे शेहेचाळीस वर्षांनी पुतण्या रेवदंड्याच्या खाडीवर उभा, आणि न्यायला जहाज कुणाचं, तर इंग्रजांचं! हे मी वर्गात सांगायला हवं होतं. त्याऐवजी एक विशेषण सांगितलं. सोपं पडायचं, दुसरं काय. तपासायलाही सोपं.

तो मुलगा आता पन्नाशीला आला. अलिबागच्या बाजारात भेटला की भर रस्त्यात वाकून नमस्कार करतो, "बाई, तब्येत कशी?" विचारतो. त्या पेपराचं त्याला आठवतं का, ते विचारायला मला अजून धीर झालेला नाही.

नणंदबाईंना जाताना 'झुंज' दिली. परवा फोन आला होता, साठाव्या पानावर आहेत. बाजीरावाचं नाव काढलं नाही.