कालीपूर किनारा : उत्तर अंदमानला जायचं कसं आणि तिथं जपायचं काय

अंदमानची सहल म्हटली की आपल्याकडची मंडळी सेल्युलर जेल बघतात, बोटीनं स्वराज द्वीपला म्हणजे जुन्या हॅवलॉकला जातात, फोटो काढतात आणि परत येतात. उत्तर अंदमानातल्या डिगलीपूरकडं फार थोडे लोक वळतात. तिथून साधारण १८ किलोमीटरवर कालीपूरचा किनारा आहे. वाळू पांढरी नाही, काळसर राखाडी आहे. भेळेची गाडी नाही, घोडागाडी नाही, पाण्यातल्या स्कूटर नाहीत. मागं दाट जंगल, पुढं समुद्र आणि समोर क्रॅगी नावाचं लहानसं बेट. कधी कधी तासभर माणूस दिसत नाही.

माणूस नाही म्हणजे किनारा मोकळा, असं समजून मात्र जाऊ नका. वाळूत कासवांची अंडी असतात आणि खाडीच्या तोंडाशी मगर असू शकते. म्हणून ही माहिती नीट वाचा आणि मगच बेत आखा.

आधी नावांचा घोळ मिटवू

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. लोकांच्या तोंडी दोन्ही नावं आहेत. रॉस नावाची बेटंही दोन आहेत. शहराजवळच्या रॉस बेटाला २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. दुसरं रॉस डिगलीपूरजवळ आहे आणि ते वाळूच्या पट्ट्यानं स्मिथ बेटाला जोडलेलं आहे. ओहोटीला या पट्ट्यावरून चालत जाता येतं. बुकिंग करताना आपण कुठल्या रॉसबद्दल बोलतोय ते स्पष्ट विचारून घ्या.

जायचं कसं

आधी श्री विजयपुरम गाठायचं. चेन्नई किंवा कोलकात्याहून विमान आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजही सुटतं, पण त्याला साधारण तीन दिवस लागतात आणि फेऱ्या रोज नसतात. भारतीय माणसाला अंदमानसाठी वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. निकोबारचे नियम वेगळे आहेत.

तिथून डिगलीपूर रस्त्यानं सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. नकाशावर अंतर कमी वाटतं, पण अख्खा दिवस जातो. बस पहाटे अंधारात सुटते. जिरकाटांगच्या नाक्यावर सगळ्या गाड्या थांबतात आणि ठरलेल्या वेळी पोलीस बंदोबस्तात एका रांगेत सोडल्या जातात. पुढचा जवळपास ५० किलोमीटरचा पट्टा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. मग मिडल स्ट्रेटला गाडीसकट बोटीवर चढून खाडी ओलांडायची. बाराटांग, रंगत, मायाबंदर करत संध्याकाळी डिगलीपूर येतं.

दुसरी वाट समुद्राची. सरकारी बोट डिगलीपूरजवळच्या एरियल बे धक्क्याला लागते. तिचं वेळापत्रक हवामानावर चालतं, म्हणून परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस हाताशी ठेवा.

जारवांच्या जंगलात काय करायचं नाही

जारवा हजारो वर्षांपासून या जंगलात शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून राहत आले आहेत. बाहेरचे साधे आजारही त्यांना जड जाऊ शकतात. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमानुसार हा भाग राखीव आहे. २००२ साली सुप्रीम कोर्टानं राखीव भागातून जाणारा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. २०१२ मध्ये जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला आणि जगभर टीका झाली.

त्यामुळे नाक्यापासून पुढं मोबाईल खिशात ठेवायचा. गाडी थांबवायची नाही, काच खाली करून बिस्किटं किंवा केळी द्यायची नाहीत, फोटो काढायचा नाही. नियम मोडला तर तुरुंगवास होऊ शकतो. ती आपल्यासारखीच माणसं आहेत. आपल्या बांधावर कोणी बसमधून उतरून पोराबाळांचे फोटो काढू लागला तर आपल्याला चालेल का, एवढा विचार केला तरी पुरे.

डिगलीपूरचा मुलूख

इथं पोहोचल्यावर आपल्या लोकांना थोडं घरच्यासारखं वाटेल, कारण हा शेतीचा भाग आहे. भातखाचरं, सुपारी, नारळ, केळी, शिवाय इथली संत्री नावाजलेली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनं इथं जमिनी दिल्या. त्यांनी जंगल तोडून शेतं केली. म्हणून बाजारात बंगाली जास्त ऐकू येते, पण हिंदी सगळ्यांना कळते. सॅडल पीक डोंगरातून येणारी कलपोंग नदी याच भागातून वाहते. तिच्यावर बेटांवरचा पहिला जलविद्युत प्रकल्प आहे.

कासवांचं रान

कालीपूरचं खरं मोल कासवांमुळे आहे. ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि लेदरबॅक अशा चार जातींची अंडी घालण्याची नोंद या किनाऱ्यावर आहे. एकाच किनाऱ्यावर चार जाती ही मोठी गोष्ट आहे. सगळ्यात जास्त येतात ऑलिव्ह रिडले. लेदरबॅक हे जगातलं सर्वात मोठं कासव, पण ते इथं क्वचितच येतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य हंगाम.

मादी रात्री वर येते, भरतीच्या रेषेपलीकडं दीड फुटाच्या आसपास खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. परत बघायला येत नाही. शेतकऱ्याला बी किती खोल टाकायचं आणि ओल किती हवी ते कळतं, इथंही हिशोब तसाच आहे. खड्डा उथळ झाला तर अंडी तापतात, पाणी आलं तर कुजतात. वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त निघतात, थंड असेल तर नर. पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. कुत्री आणि घोरपडी अंडी उकरतात, म्हणून वन खात्याचे लोक ती उचलून कुंपणाच्या आत पुरतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात.

आपल्या कोकणात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून हेच काम चालू आहे. ओडिशात २०२१ साली टॅग लावलेलं एक ऑलिव्ह रिडले २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालताना सापडलं. कासवाला जिल्हा आणि राज्य कळत नाही. कुठल्या तरी एका किनाऱ्यावर नासधूस झाली तर नुकसान सगळीकडचं होतं.

रात्री कासव बघायचं तर वन खात्याच्या माणसाबरोबरच जा. पांढरी बॅटरी आणि फ्लॅश बंद. कासव वर येताना उजेड दिसला तर ते अंडी न घालता परत फिरतं. पिल्लं उजेडाकडं धावतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर जाऊन मरतात. कासवाला हात लावणं किंवा अंडी उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तीन ते सात वर्षांची शिक्षा होऊ शकते.

मगर : ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका

सांगलीकडच्या लोकांना कृष्णेतली मगर माहीत आहे. अंदमानची खाऱ्या पाण्यातली मगर तिच्याहून मोठी आणि जास्त आक्रमक. ती खाडीत, खारफुटीत राहते आणि समुद्रातूनही पोहत जाते. २०१० साली हॅवलॉकला पोहणाऱ्या एका परदेशी बाईचा मगरीनं जीव घेतला, आणि तो तर पर्यटकांचा गजबजलेला भाग. कालीपूरला तर मदतीला हाक मारावी तर ऐकायला माणूस नसतो.

* ओढा किंवा खाडी समुद्राला मिळते तिथं पाण्यात उतरायचं नाही.
* अंधार पडल्यावर आणि पहाटे पाण्यापासून लांब राहायचं.
* स्थानिक माणूस नको म्हणाला की नको. मगर दिसल्याची बातमी आधी त्यांनाच असते.
* जीवरक्षक नाही. एकट्यानं पोहायचं नाही, दारू पिऊन तर नाहीच.

हा भाग भूकंपाचाही आहे. सप्टेंबर २००२ मध्ये डिगलीपूरला मोठा भूकंप झाला. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा काही किनारा वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडले. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात हलली किंवा पाणी एकदम मागं गेलं, तर मोबाईल काढायचा नाही. सरळ उंचावर पळायचं.

जवळपास अजून काय

कालीपूरच्या पुढं लामिया बे आहे. तिथून सॅडल पीकची वाट सुरू होते. उंची ७३२ मीटर, आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. पण चढ समुद्रापासून सुरू होतो आणि एका बाजूचं अंतर साधारण आठ किलोमीटर, तेही दमट जंगलातून. वन खात्याच्या चौकीवर नोंद करून सकाळी लवकर निघा. रॉस-स्मिथला एरियल बेहून बोट मिळते, त्यालाही वन खात्याची परवानगी लागते.

निघण्याआधी

* जानेवारी ते एप्रिल हवामान बरं. मे ते सप्टेंबर पाऊस, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत पाऊस, कधी वादळही.
* हिवाळ्यात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. घड्याळ आपलंच, पण दिवस लवकर संपतो. सगळी कामं सकाळी उरका.
* रोख पैसे ठेवा. मोबाईलची रेंज दगा देते, मग स्कॅन करून पैसे जात नाहीत.
* वाळूतल्या बारीक माशा चावून खाज आणतात. पायघोळ कपडे आणि मलम जवळ ठेवा.
* रोजची औषधं पुरेशी घ्या.
* शंख-शिंपले आणि प्रवाळ उचलू नका. विमानतळावर सामान तपासतात आणि प्रवाळ नेणं हा गुन्हा आहे.
* कचराकुंडी शोधत बसू नका. रिकामी बाटली आणि पाकिटं पिशवीत घालून परत डिगलीपूरला आणा.

किनाऱ्यावर हॉटेलांची रांग नाही, मोठे दिवे नाहीत आणि गर्दी नाही, म्हणूनच कासवं अजून तिथं येतात. ज्यांना सोयी हव्यात त्यांनी स्वराज द्वीपलाच जावं, तिथं सगळं मिळतं. कालीपूरला जायचं तर पाहुण्यासारखं जायचं.