वीतभर विमान

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यापुढे दफ्तरे, ताम्रपट, नाणी आणि बखरी उभ्या राहतात. लढाऊ विमानाची लहानशी प्रतिकृती या यादीत बसवावी असे कोणी सुचविले, तर तो पोरखेळ वाटेल. तथापि या प्रतिकृतींचा गेल्या नव्वदाहून अधिक वर्षांचा प्रवास पाहिला, म्हणजे इतिहासकाराला पडणारे प्रश्न या वीतभर वस्तूच्या कारागिरालाही पडतात, असे आम्हांला दिसते. पुरावा कोणता, तो कोठून आला, आणि पुरावा संपतो तेथे काय करावे, हे ते प्रश्न होत.

प्रथम प्रमाणाविषयी. इंग्लंडात १९३२ साली 'स्कायबर्ड्स' नावाचे लाकडी संच विक्रीस आले. त्यांत मूळ विमानाचा ७२वा भाग हे प्रमाण धरले होते. हिशेब सोपा, ६ फुटांचा १ इंच करावयाचा. म्हणजे ६ फूट उंचीचा वैमानिक प्रतिकृतीत इंचभर होतो. १९३६ मध्ये 'फ्रॉग पेंग्विन' हे प्लॅस्टिकचे संच याच प्रमाणात निघाले. तोवर हा केवळ छंद होता.

युद्धाने या छंदाला कामाला जुंपले. ब्रिटनने युद्ध पुकारून तीनच दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपल्याच बाजूची दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली, आणि एक तरुण वैमानिक प्राणास मुकला. आकाशातील विमान आपले की परके, हे क्षणात ओळखता आले नाही तर काय होते, ते असे कळले. पुढे १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने तेथील शाळकरी मुलांकडे ५ लाख प्रतिकृती मागितल्या. ५० जातींची विमाने, प्रत्येकीचे १० हजार नमुने! आराखडे नौदलाचे, लाकूड तासायचे, साचा लावून वळण तपासायचे आणि शेवटी काळा रंग द्यायचा, हे काम मुलांचे. काळाच रंग का? दूरच्या विमानाचे रंग व चिन्हे दिसत नाहीत, दिसते ती फक्त आकृती. ३५ फुटांवर धरलेली ही प्रतिकृती डोळ्याला सुमारे अडीच हजार फुटांवरील, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावरील विमानाएवढी दिसते. सैनिक तिच्यावर आपली नजर तयार करीत. शाळेतील मुलाच्या कानशीची चूक रणांगणावर कोणाच्या तरी जिवावर बेतू शकत होती.

युद्धानंतर जेट विमानांचा काळ आला आणि पारडे फिरले. पूर्वी सरकार आराखडे वाटीत होते; आता ते लपवू लागले. १९८६ साली अमेरिकेतील टेस्टर्स कंपनीने 'एफ-१९' या नावाचा संच बाजारात आणला. रडारला चकविणारे एक विमान गुप्तपणे तयार झाले आहे, अशी कुणकुण सर्वत्र होती. कंपनीच्या रचनाकाराने तर्काने त्याची आकृती बांधली. अंग घोटीव, कडा गोलसर, शेपटीचे दोन उभे पंख आत झुकलेले. संच धडाक्याने खपला. जे विमान लोकप्रतिनिधींनाही पाहू दिले जात नाही, ते खेळण्याच्या डब्यात कसे आले, असा सवाल अमेरिकी काँग्रेसच्या एका सदस्याने लॉकहीड कंपनीच्या अध्यक्षांना केला. १० नोव्हेंबर १९८८ रोजी हवाई दलाने खऱ्या विमानाचे एक अंधुक छायाचित्र प्रसिद्ध केले. ते होते एफ-११७, आणि १९८१ पासून उडत होते. त्याचे अंग घोटीव नव्हतेच. हिऱ्याला पैलू पाडावेत तसे सपाट तुकडे त्यात जोडलेले होते. रडारच्या लहरी या पैलूंवर आदळून भलतीकडे जाव्यात, ही योजना. आणि १९७० नंतरच्या दशकातील गणकयंत्रांना सपाट पृष्ठांचाच हिशेब झेपत होता.

येथे आम्हांला इतिहासाचार्य राजवाडे आठवतात. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढताना त्यांनी बखरींची कठोर झडती घेतली आणि अस्सल पत्रांचा आग्रह धरला. एफ-१९ ही प्लॅस्टिकची बखर होती. विमानाविषयी ती काहीच सांगत नाही. मात्र १९८६ साली लोक त्या विमानाची काय कल्पना करीत होते, याचा ती पक्का पुरावा आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. बंगळूरला कुर्ट टांक या जर्मन रचनाकाराच्या मार्गदर्शनाखाली 'मारुत' हे जेट लढाऊ विमान घडले. १९५९ साली त्याची पूर्ण आकाराची, बिनइंजिनाची लाकडी प्रतिकृती डाकोटा विमानामागे बांधून वर नेण्यात आली. तिच्या चाचण्यांनंतर १७ जून १९६१ रोजी खरे मारुत उडाले. १९७१च्या युद्धात ते लढले आणि १९९० साली निवृत्त झाले. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात त्यांपैकी एक ठेवलेले आहे. त्याची लांबी १५.८७ मीटर, ७२व्या भागाने २२ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. त्यात एक मिलिमीटर चुकला, तर मूळ विमानात सात सेंटीमीटरांची चूक होते.

पण फूटपट्टीने सारे साधत नाही. संग्रहालयातील विमानाला मागाहून दिलेला रंग युद्धकाळातील असेलच, असे नाही. तिरक्या छायाचित्रात लांबी आखूड दिसते. एकाच विमानावरील रंग व खुणा वर्षागणिक बदलतात; म्हणून तारीख नसलेले छायाचित्र हा अर्धाच पुरावा. खरा कारागीर आधी एक विमान आणि एक दिवस निश्चित करतो, त्या दिवसाचा पुरावा जमवितो, आणि जेथे तर्क केला तेथे तो तर्क असल्याची नोंद ठेवतो.

मारुत उडविणारी व त्याची निगा राखणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत. कोणाच्या घरच्या ट्रंकेत तळावरचे एखादे पिवळे पडलेले छायाचित्र असेल. त्याच्या मागे स्थळ, साल आणि नावे आजच लिहून ठेवावीत, एवढीच आमची विनंती आहे. उद्या विचारायला गेलो, तर सांगणारे कोणी असेलच असे नाही.