पाटीवरचा घोडा

जळोची आज बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, शहराचेच एक उपनगर म्हणावे असे. परंतु या परिसराचा इतिहास सांगायचा तर आरंभ पाण्यापासूनच करावा लागतो. नीरा डाव्या कालव्याने तालुक्याची बागायत आणि जिरायत अशी वाटणी केली. विहिरींवर आधी मोटा होत्या, मग ऑइल इंजिने आली, आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतरच्या दशकांत विजेचे पंप. मोटेला आपल्याकडे बैल जुंपत. तरीही विजेची मोटार आली ती घोड्याचे नाव घेऊन! 'तीनची मोटार', 'पाचची मोटार' असे शेतकरी सहज बोलतो. हा आकडा अश्वशक्तीचा, आणि मोटारीवरच्या पत्र्याच्या पाटीवर तो कोरलेला असतो.

हे माप जेम्स वॉटचे. अठराव्या शतकात त्याला वाफेची इंजिने विकायची होती, आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा होता : हे यंत्र किती घोड्यांचे काम करील? वॉटने ठरवून टाकले की मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक घोडा. आजच्या भाषेत सुमारे ७४६ वॅट. म्हणजे अश्वशक्ती हे मुळात विक्रेत्याचे माप आहे. यंत्र किती काम देईल हे ती सांगते. ते तारेतून किती घेईल, याविषयी मात्र ती मौन पाळते. त्यासाठी व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करावा लागतो.

या हिशेबाचा पाया घालणारा गेओर्ग ओम हा कोलोनमधला शाळामास्तर. तारेतील विजेचे वहन त्याने फूरिएच्या उष्णतावहनाच्या गणितावरून कल्पिले आणि १८२७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. दाबाला प्रवाहाने भागावे, की रोध मिळतो. जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक त्याला मिळाले ते १८४१ मध्ये. त्याच सुमारास जूलने दाखवून दिले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. (मराठीत आपण 'दाब', 'प्रवाह' असे पाण्याचेच शब्द वापरतो. बागायतदाराला ते परके वाटू नयेत!)

शाळेत हा नियम बहुधा दिव्यावरून शिकवतात. २३० व्होल्टवर १०० वॅटचा पिवळा दिवा सुमारे ०.४३ अँपिअर घेतो, म्हणजे जळत असताना त्याचा रोध ५२९ ओहम. दाब उतरला की प्रवाह उतरतो, दिवा मिणमिणतो. भारनियमनाच्या काळात हे दृश्य घरोघर पाहिलेले आहे. दिवा कमी मिळाले की कमी घेतो.

मोटारीचा स्वभाव नेमका उलटा. तिच्यावर पाण्याचे ओझे असते, आणि ते ओढण्यासाठी लागणारी शक्ती तिला मिळवावीच लागते. पाच अश्वशक्ती म्हणजे ३,७३० वॅट काम. कार्यक्षमता ऐंशी टक्के धरली तर तारेतून सुमारे ४,६६० वॅट घ्यावे लागतात. थ्री-फेजच्या हिशेबात दाब, प्रवाह, १.७३ आणि पॉवर फॅक्टर यांचा गुणाकार करतात. ४१५ व्होल्ट आणि ०.८ पॉवर फॅक्टर असेल तर प्रवाह सुमारे ८ अँपिअर येतो. वाहिनीच्या शेवटच्या विहिरीवर दाब ३०० व्होल्टवर आला, आणि बाकीचे आकडे तेच धरले, तर ११ अँपिअरच्या वर. प्रवाह दीडपटही वाढला नाही, पण जूलच्या नियमाने वाइंडिंगमधली उष्णता जवळजवळ दुप्पट झाली. 'मोटार जळाली' या दोन शब्दांमागे एवढे गणित दडलेले आहे.

त्यात ऑटो-स्विचची भर. रात्री लाईट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदमच उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, तारांच्या रोधात दाब खर्ची पडतो, आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला उरलासुरला दाब येतो. प्रत्येकाचा स्विच त्याच्यापुरता शहाणपणाचाच असतो. रात्री उठून विहिरीवर जाण्याची हौस कोणाला? परंतु रिवाइंडिंगचा खर्च त्या शेवटच्या माणसाच्या माथी बसतो. कपॅसिटर बसवला तर पॉवर फॅक्टर सुधारतो, तारेतला प्रवाह उतरतो आणि सर्वांनाच थोडा जास्त दाब मिळतो. मात्र हा लाभ एकट्याने बसवून फारसा दिसत नाही, म्हणून बसवणारे थोडे.

आणि बिल? मीटर नसलेल्या जोडण्यांना ते अश्वशक्तीवर आकारले जाते. म्हणजे वॉटचा घोडा इथेही हजर! पाटीवर पाच असेल तर पाचाचे बिल, मग दाब ४१५ असो की ३००, पंप चार तास चालो की आठ. राज्याच्या शेतीचा एकूण वीजवापर कित्येक वर्षे मोजला गेला कमी आणि अंदाजला गेला जास्त. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आला, तेव्हापासून ग्राहक संघटनांनी हा आक्षेप वारंवार घेतला आहे की गळती आणि चोरीही शेतीच्याच नावावर खपवली जाते. आमच्या मते आक्षेपात तथ्य आहे. जिथे व्होल्ट-अँपिअर मोजलेच गेले नाहीत, तिथे शेतकऱ्याला उधळ्या म्हणणाऱ्यालाही आधार नाही आणि स्वतःचा वापर नेमका सांगू पाहणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही.

२००४ साली निवडणुकीपूर्वी शेतीला मोफत वीज जाहीर झाली, पुढच्याच वर्षी ती मागे घेतली गेली. २०२४ मध्ये पुन्हा मोफत विजेची योजना आली, ती साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी. मर्यादा पुन्हा पाटीवरच्याच आकड्याची. दरम्यान २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणालीत एकदोन शेतकऱ्यांमागे एक छोटे रोहित्र देण्याचे काम सुरू झाले : लघुदाबाच्या तारा आखूड, त्यांचा रोध कमी, आणि विहिरीपर्यंत पोचणारा दाब अधिक.