जाळे, नळी आणि हक्क

सशांच्या बिळात फेरेट सोडायचा. हा मुंगसासारखा लांबट, पाळीव प्राणी. बिळाच्या तोंडांशी लावलेल्या जाळ्यांत घाबरलेले ससे अडकतात. इंग्लंडमधली ही जुनी शिकार. हल्ली काही जण जाळ्याऐवजी नळीचा सापळा लावतात. त्याचे दार आतल्याच बाजूला उघडते, ससा मागे फिरू शकत नाही. काटेरी झुडपांत जाळे गुंतते, नळी गुंतत नाही.

मला मात्र साधनापेक्षा हक्काची गोष्ट मोठी वाटते. वर्षाला ४० शिलिंगांची जमीन नसलेल्या सामान्य माणसाने फेरेट, जाळी वापरल्यास वर्षभर तुरुंग, असा कायदा १३९० मध्ये झाला. पुढे जमीनदार करारात शिकारीचा हक्क स्वतःकडेच ठेवू लागले. शेतातले ससे मारण्याचा, कोणालाही काढून घेता न येणारा हक्क कुळाला मिळाला तो १८८० मध्ये. तोवर पीक कुळाचे, ससा मालकाचा!